ओ गटवाल्यांच्या प्लेटलेट मुळातच कमी असतात का?

अर्धवट_पुणेकर
नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

झालं असं, की ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना एसडीपी हवी होती, म्हणजे एकाच दात्याच्या, मशीनवर वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट. आम्ही फ्लॅटमधले तिघं ब्लड बँकेत गेलो. माझं वय २४, वजन ७१, आजार काही नाही. आधी सॅम्पल घेतलं आणि अर्ध्या तासानं मला बाजूला बोलावलं. हिमोग्लोबिन १४.८, उत्तम. प्लेटलेट १.४२ लाख. "दीडच्या वर लागतात हो," म्हणाले आणि बिस्किटाचा पुडा देऊन पाठवून दिलं. एक रूममेट (बी पॉझिटिव्ह, २.७ लाख) देऊन आला. तिसरा पम्या. त्यानं सुई बघूनच काढता पाय घेतला.

पण घरी आल्यावर ज्ञान पाजळलं ते पम्यानंच. "तुझा ओ ना? मग बरोबर. ओ वाल्यांच्या प्लेटलेट कमीच असतात, आमच्या बारावीच्या बायोच्या सरांनी सांगितलं होतं."

प्रश्न दोन. रक्तगटाचा आणि प्लेटलेटच्या आकड्याचा निरोगी माणसात खरंच काही संबंध असतो का? आणि रिपोर्टात एमपीव्ही १२.१ असं ठळक अक्षरात छापलंय, ते काय प्रकरण आहे?

टवाळखोर
माझा ओ. प्लेटलेट कधी मोजल्या नाहीत. पण दहा माणसांत डास मलाच चावतात, त्याचा काही भत्ता मिळतो का?

निशिगंधा७
टवाळखोर +१. आमच्या घरात मी एकटी ओ आणि ओडोमॉस मला एकटीलाच लागतं.

शेजारच्या_काकू
पपईच्या पानांचा रस घे बाळा, सकाळी अनशापोटी दोन चमचे. आमच्या धाकट्या दिरांच्या ४० हजारांवरून चार दिवसांत सव्वा लाख झाल्या होत्या. सोबत किवी आणि शेळीचं दूध.

डॉ_खडूस
काकू, डेंग्यूत ताप उतरल्यावर दोन-चार दिवसांत प्लेटलेट आपोआपच वर येतात. पपई न घेणाऱ्याच्याही येतात, फक्त तो धाग्यावर सांगायला येत नाही. आणि या पोराला डेंग्यू नाही, काहीच नाही. त्याला कशाला कडू पाजताय?

अर्धवट, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी. एमपीव्ही म्हणजे प्लेटलेटचं सरासरी आकारमान. आकडा आणि आकार साधारण उलटे चालतात. ज्याच्या संख्येनं कमी त्याच्या थोड्या मोठ्या, ज्याच्या जास्त त्याच्या लहान. एकूण माल तेवढाच, पोती कमी आणि मोठी. शिवाय जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, त्यात प्लेटलेट गोलसर होऊन फुगतात. सॅम्पल काढल्यावर लगेच मशीनवर घातलं की दोन तासांनी, यावर एमपीव्ही बदलतो. त्यामुळे १२.१ बघून झोप उडवून घेऊ नकोस.

पहिल्या प्रश्नावर रात्री लिहितो. ओपीडी आहे.

टवाळखोर
"माल तेवढाच, पोती कमी." डॉक्टर मार्केट यार्डातले दिसतात.

आकडेमोड
डॉक्टर येईपर्यंत माझे दोन पैसे.

प्रयोगशाळेची "नॉर्मल रेंज" येते कुठून? बऱ्याच निरोगी लोकांचं रक्त तपासायचं, आकडे ओळीनं लावायचे आणि मधले ९५ टक्के ठेवायचे. म्हणजे व्याख्येनुसारच, ठणठणीत असलेल्या दर ४० माणसांत एक जण खालच्या रेषेच्या खाली असणार. दीड लाखाच्या खाली गेलास म्हणजे आजारी पडलास असं नाही, तू रांगेच्या टोकाला उभा आहेस. कुणीतरी उभं राहायलाच हवं.

अर्धवट_पुणेकर
@आकडेमोड, हे मला ब्लड बँकेतच कुणी सांगितलं असतं तर दोन रात्री गूगल केलं नसतं. दुसऱ्या रात्रीपर्यंत मला चार कॅन्सर होते.

तांबडी_पिशवी
मी सांगलीकडं एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. थोडं आमच्या बाजूनं.

दादा, तुम्हाला परत पाठवलं ते तुम्ही आजारी म्हणून नाही. दोन कारणं. एक, तुमच्यातनं काढल्यावर तुम्हाला कमी पडू नयेत. दुसरं, कमी आकड्याच्या दात्याकडनं पिशवी भरायला मशीनला जास्त वेळ लागतो, आणि भरली तरी हलकी भरते. तुम्ही पूर्ण रक्त द्या की! ३५० मिलीच्या पिशवीला प्लेटलेटचा आकडा कुणी बघत नाही.

आता गटाचं. लोकांना वाटतं रक्तगट फक्त लाल पेशींवर असतो. तसं नाही. ए आणि बी ही चिन्हं प्लेटलेटवरसुद्धा असतात. आरएचचं डी, ज्यावरनं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरतं, ते मात्र प्लेटलेटवर नसतंच. म्हणून डेंग्यूच्या सीझनला नातेवाईक येऊन भांडतात, "आमचा पेशंट ए आणि तुम्ही बी ची पिशवी दिली", तेव्हा समजावून सांगावं लागतं. लाल रक्ताला गट न जुळणं म्हणजे जीवाशी खेळ. प्लेटलेटला जुळला तर चांगलंच, पण नसेल तर दुसऱ्या गटाची चालवून घेता येते, आकडा थोडा कमी वाढतो एवढंच. भीती उलट्या बाजूनं असते. ओ दात्याच्या प्लाझ्मात ए विरुद्धची प्रतिद्रव्यं कधीकधी फार तीव्र असतात, ती ए च्या पेशंटला त्रास देऊ शकतात. एसडीपीच्या पिशवीत दोन-तीनशे मिली प्लाझ्माच तर असतो.

निशिगंधा७
आरएच प्लेटलेटवर नसतं, मग माझ्या बहिणीला (ओ निगेटिव्ह) पॉझिटिव्ह प्लेटलेट दिल्यावर वेगळं इंजेक्शन का दिलं होतं?

तांबडी_पिशवी
ताई, कारण पिशवीत चुकूनमाकून थोड्या लाल पेशी येतातच. तेवढ्यानंही निगेटिव्ह बाईच्या अंगात अँटी-डी, म्हणजे डी विरुद्धचं प्रतिद्रव्य, तयार होऊ शकतं आणि पुढच्या बाळंतपणात अडचण होते. म्हणून ते इंजेक्शन. बरोबर केलं त्यांनी.

विकांत_भटक्या
मी आतापर्यंत १७ वेळा एसडीपी दिलीय. बी पॉझिटिव्ह. आकडे वहीत लिहून ठेवायची खोड आहे, म्हणून सांगतो: सर्वांत कमी २.०४, सर्वांत जास्त २.८१. माणूस तोच, गट तोच, जेवणखाणही तेच. २.८१ आला त्या दिवशी ब्लड बँकेचे चार मजले जिना चढून गेलो होतो, लिफ्ट बंद होती.

नवीन लोकांसाठी: ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, घाबरू नका. रक्त गोठू नये म्हणून मशीन सायट्रेट घालतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. आमची सिस्टर दोन कॅल्शियमच्या गोळ्या आधीच चघळायला देते. तास-सव्वा तासात मोकळं. मी तेवढ्यात जुने सामने बघतो.

डॉ_खडूस
आलो.

भटक्या, जिन्याचं निरीक्षण झकास आहे. शरीरातल्या साधारण एक तृतीयांश प्लेटलेट प्लीहेत साठवलेल्या असतात. दमछाक झाली की त्यातल्या काही रक्तात उतरतात. चार मजले चढून येणारा आणि लिफ्टनं येणारा यांच्या आकड्यात तेवढ्यानंही फरक दिसू शकतो.

आता पम्याच्या सरांकडे वळू. त्यांनी सांगितलं ते अर्धं खरं असावं, आणि ऐकताना बाकीचं सांडलं असावं. ओ गटात जे कमी असतं ते प्लेटलेट नव्हे, फॉन विलेब्रांड फॅक्टर. हे एक चिकट प्रथिन आहे. रक्तवाहिनीला चीर पडली की प्लेटलेटला तिथे चिकटवून धरण्याचं काम त्याचं. ए-बी ची साखर या प्रथिनावरही बसते. ओ गटात ती नसते, त्यामुळे ते लवकर तुटतं आणि रक्तातून लवकर निघून जातं. ओ गटवाल्यांत त्याची पातळी इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी असते. हे भक्कम आहे, यात वाद नाही. याचा फायदाही आहे, शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका ओ गटाला बाकीच्यांपेक्षा कमी. तोटा म्हणजे पाळीत फार रक्तस्राव होणारी ओ गटाची मुलगी आली आणि हा फॅक्टर जरासा कमी दिसला, तर ते दुखणं आहे की नुसता तिचा रक्तगट बोलतोय, हे ठरवताना आम्ही डोकं खाजवतो.

म्हणजे चिकटवणारी खळ पातळ, प्लेटलेटची संख्या नव्हे. संख्येसाठी गटागणिक वेगळी रेंज छापणारी एकही लॅब मी पाहिलेली नाही.

कुठेतरी_वाचलंय
पण डॉक्टर, मेडिकल कॉलेजातले असे अभ्यास असतात की. दोनशे विद्यार्थी घेतले, रक्तगट काढला, प्लेटलेट काउंट, एमपीव्ही, पीडीडब्ल्यू (प्लेटलेटच्या आकारातली तफावत) काढलं आणि अमुक गटात जास्त, तमुक गटात कमी. ते काय खोटे?

डॉ_खडूस
खोटे नाहीत. दुसऱ्या कॉलेजात केले तर दुसराच गट पहिला येतो, एवढंच.

ते कसे होतात तेही सांगतो, कारण त्या दोनशेंत मी एकेकाळी होतो. पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजीचं प्रॅक्टिकल. स्वतःच्याच बोटात लॅन्सेट. तांबड्या मण्याच्या पिपेटमध्ये ०.५ च्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, मग १०१ पर्यंत निळसर रीस-एकर द्रावण. तोंडानं ओढायचो, त्यामुळे बऱ्याचदा निळ्या जिभेनं घरी जायचो. मग न्यूबॉवर चेंबरवर, म्हणजे मोजणीचे चौकोन आखलेल्या काचेवर, थेंब सोडायचा आणि ओल्या गाळणकागदावर पेट्रीडिशखाली पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवायचा, म्हणजे प्लेटलेट तळाला बसतात. मायक्रोस्कोपखाली बारीक चकाकते ठिपके दिसतात. धूळही तशीच दिसते. मोजलेल्या आकड्याला २००० नं गुणायचं.

मी ६८ मोजले. माझ्याच चेंबरमध्ये डोकावून पार्टनरनं ९१ मोजले. माझ्या वहीत १.३६ लाख, तिच्या वहीत १.८२ लाख. रक्त एकच. सरांनी दोन्ही वह्यांवर सही केली.

त्याच दिवशी टाइलवर रक्तगट. निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, बिनरंगाचं अँटी-डी, काडीनं ढवळायचं आणि टाइल हलवत गुठळ्या दिसतात का ते बघायचं. तो मात्र सगळ्यांचा बरोबर आला. अशा वर्गातून "रक्तगट व प्लेटलेट" हा तक्ता निघाला, तर त्यातला एक रकाना दगडावरची रेघ आणि दुसरा पाण्यावरची. आता सेल काउंटर आले, चुका कमी झाल्या. संपल्या नाहीत.

आकडेमोड
याला जोडून गणित. आपल्याकडे एबी गट साधारण ८ टक्के, आरएच निगेटिव्ह ५ टक्के धरा. एबी निगेटिव्ह किती? ०.४ टक्के. दोनशे विद्यार्थ्यांत ०.८ माणूस. म्हणजे त्या तक्त्यात एबी निगेटिव्हची "सरासरी" नावाचा जो आकडा असेल तो एका माणसाचा असेल, किंवा कुणाचाच नसेल.

दुसरं, आठ गट आणि चार मापं असे ३२ खण झाले. त्यांच्या आपापसांत तुलना करत बसलात आणि पाच टक्क्यांची नेहमीची चाळण लावली, तर २० तुलनांमागे सरासरीनं एक नुसत्या योगायोगानं "लक्षणीय" ठरते. तीच शीर्षकात जाते.

टवाळखोर
०.८ माणूस म्हणजे आमचा पम्या. सुई बघून ०.२ निघून गेला.

लेकुरवाळी
वाचतेय. विषय उलटा आहे, पण विचारते. माझ्या मुलीच्या (वय १९, हॉस्टेलवर, ए पॉझिटिव्ह) प्लेटलेट ४.९ लाख आल्या. लॅबमधला मुलगा म्हणाला "जास्त आहेत, चांगलंय." मला काही ते चांगलं वाटेना.

डॉ_खडूस
हिमोग्लोबिन किती?

लेकुरवाळी
९.१. एमसीव्ही की काय ते ६८.

डॉ_खडूस
एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, तिच्या बारीक आहेत. मग प्लेटलेट सोडा, लोह बघा. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या आणि तिच्या डॉक्टरांना दाखवा. लोहाची कमतरता असली की प्लेटलेट वाढतात, आणि लोह भरून आलं की आपोआप खाली येतात. वर मशीनचा घोळ असतो. बरीच मशीनं पेशी आकारावरून ओळखतात. लाल पेशी फार बारीक झाल्या की त्यातल्या काहींना ते प्लेटलेट समजतं. उलट प्लेटलेट फार मोठ्या असल्या तर त्यांना लाल पेशी समजून वगळतं.

आणि कुठेतरी_वाचलंय, हे तुमच्यासाठीही. आपल्याकडच्या कॉलेजातल्या वर्गात लोह कमी असलेल्या मुली किती निघतील? बी-१२ कमी असलेले शाकाहारी किती? बी-१२ फार घटलं की प्लेटलेट उतरतात. "निरोगी तरुण" म्हणून ज्यांना रांगेत बसवलं त्यांच्यात हे दोन प्रवाह उलटसुलट वाहत असतात. शिवाय बायकांच्या प्लेटलेट पुरुषांपेक्षा मुळातच थोड्या जास्त. ए गटात योगायोगानं मुली जास्त आल्या, की झाला "ए गटात प्लेटलेट जास्त" असा निष्कर्ष.

लेकुरवाळी
बापरे. डब्यातलं खात नाही म्हणून मी नुसती ओरडत होते. धन्यवाद डॉक्टर, उद्याच घेऊन जाते.

शेजारच्या_काकू
खजूर आणि अळीव दे तिला. यावर तरी डॉक्टर काही बोलू नका.

डॉ_खडूस
यावर काही बोलत नाही. गोळ्याही द्या.

अर्धी_बंगाली
माहेर सातारा, सासर बर्धमान. हा धागा माझ्यासाठीच आहे.

आम्ही पुण्यात असताना नवऱ्याला ताप आला. प्लेटलेट ९२ हजार. पावसाळा, सगळीकडे डेंग्यूची साथ. ॲडमिट केलं, रोज सकाळ-संध्याकाळ रक्त काढायचे, डेंग्यूची टेस्ट दोनदा निगेटिव्ह. ताप तिसऱ्या दिवशी गेला, प्लेटलेट मात्र ९५, ९०, ९४. हलायलाच तयार नाहीत. हॉस्पिटलवाले पिशवी चढवायच्या गोष्टी करू लागले. मी सासूबाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "ओ मा, आमच्याकडे सगळ्यांच्या अशाच. त्याच्या बाबांच्या ८५ हजार होत्या, पंचाहत्तरीत गेले, ते पण पडून."

नंतर एका रक्तविकारतज्ज्ञांनी स्मिअर (काचेवर पसरून रंगवलेलं रक्त) बघून सांगितलं: प्लेटलेट मोठ्या मोठ्या आहेत, कामाला उत्तम आहेत, फक्त मोजणीत कमी. पश्चिम बंगाल आणि ईशान्येकडच्या कितीतरी लोकांत असतं म्हणे, याला हॅरिस प्लेटलेट सिंड्रोम म्हणतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी बंगालमधल्या निरोगी रक्तदात्यांत हे दाखवलं होतं. उपचार काही नाही, कारण आजारच नाही. नवऱ्याचा गट बी, सासऱ्यांचा ओ, नणंदेचा ए. सगळे लाखाच्या खाली.

अर्धवट, तुझा एमपीव्हीसुद्धा मोठा आहे. आईवडिलांचे आकडे बघितलेस का?

डॉ_खडूस
अर्धी_बंगाली, माझ्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा हा एक भारी. रक्तगटापेक्षा घराणं बघा, हेच म्हणायचं होतं. यावरून आठवलं, रक्त न येता नुसता आकडा पडलाय म्हणून प्लेटलेट चढवायच्या नसतात. १० हजारांच्या खाली गेल्या किंवा रक्तस्राव सुरू झाला तर गोष्ट वेगळी. ९२ हजारांना पिशवी म्हणजे पेशंटवर नव्हे, नातेवाइकांच्या चेहऱ्यावर उपचार.

तांबडी_पिशवी
डॉक्टर, लाख बोललात. सप्टेंबरमध्ये या ८० हजारवाल्यांच्या चिठ्ठ्यांमुळं खऱ्या गरजूला पिशवी उरत नाही. प्लेटलेट टिकतात पाच दिवस. फ्रिजमध्ये नाही ठेवायच्या, २० ते २४ अंशांवर, आणि सारख्या हलत्या. आमच्याकडं त्यासाठी पाळणाच आहे, दिवसरात्र ट्रे डावीकडं-उजवीकडं डुलत असतात. वीज गेली की पहिलं लक्ष त्याच्याकडं. पिशवी देण्याआधी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच हलवतो. प्लेटलेट धडधाकट असल्या तर आत रेशमासारखी लहर फिरताना दिसते. मेल्या असल्या तर नुसतं गढूळ ताक. बारा वर्षांत ती लहर बघायचा कंटाळा आला नाही.

निशिगंधा७
किती सुंदर लिहिलंय. पुढच्या वेळी ब्लड बँकेत गेले की दाखवा म्हणणार.

बापूसाहेब
चर्चा उद्बोधक होत आहे. एक भर घालतो.

सन १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी एका निराळ्या रक्तगटाची नोंद 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो 'एच' हा पायाच या मंडळींत नसतो. टाइलवर ते 'ओ' म्हणूनच दिसतात, परंतु ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक असे प्रमाण सांगतात.

प्रस्तुत प्रश्नाशी संबंध असा, की ए, बी, एच यांपैकी काहीही नसूनही ही माणसे एरवी निरोगी असतात. रक्तगटाच्या चिन्हांवर प्लेटलेटची निर्मिती अवलंबून असती, तर सर्वांत आधी यांच्यात ते उघड झाले असते.

टवाळखोर
बापूसाहेबांना दंडवत. पम्याचे सर वाचत असतील तर त्यांनी कृपया बाकावर उभं राहावं.

थेम्सकाठची
लंडनहून. मी नर्स आहे. प्लेटलेटचं माहीत नाही, पण रक्तगटामुळे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बदलल्याचं एक पक्कं उदाहरण आहे. आमच्याकडे आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लोकांत लाल पेशींवर 'डफी' नावाचं चिन्ह नसतं. त्यांच्या न्यूट्रोफिल म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी कायम कमी दिसतात, माणूस ठणठणीत. माझी सहकारी वर्षानुवर्षं "तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे" ऐकून घेत होती. शेवटी कुणीतरी डफी तपासलं. हेच चिन्ह नसल्यामुळे व्हायवॅक्स मलेरियाचा जंतू लाल पेशीत सहसा शिरू शकत नाही. म्हणजे 'रक्तगटाचा काउंटशी संबंध' ही कल्पना वेडगळ नाही, फक्त पम्यानं गट आणि पेशी दोन्ही चुकीच्या पकडल्या.

डॉ_खडूस
उत्तम उदाहरण. आणखी एक गंमत. आयटीपीमध्ये शरीर स्वतःच्या प्लेटलेट मारतं. आरएच पॉझिटिव्ह पेशंटला, प्लीहा जागेवर असेल तर, अँटी-डी शिरेतून देता येतं. मग प्लीहा लाल पेशी खाण्यात गुंतते आणि प्लेटलेट वाचतात. डी चिन्ह प्लेटलेटवर नसूनही त्याच्या जिवावर प्लेटलेट वाढतात. कुत्र्याला भाकरी टाकून मागच्या दारानं निघून जाण्यासारखं. लाल पेशींची किंमत मोजावी लागते, म्हणून जपून.

कुठेतरी_वाचलंय
रच्याकने, रक्तगटानुसार आहार घ्यावा, ओ वाल्यांनी मटण आणि ए वाल्यांनी भाज्या, याबद्दल जाणकारांचं मत?

डॉ_खडूस
नाही.

टवाळखोर
माझा ओ आहे. डॉक्टर, जरा सविस्तर विचार करा.

मीच_ती
माझाही अनुभव टाकते. दोन वर्षांपूर्वी नोकरीच्या मेडिकलला प्लेटलेट ३८ हजार! एचआरनं जॉइनिंग थांबवलं. घरी रडारड. दुसऱ्या लॅबमध्ये ४४ हजार. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या पॅथॉलॉजिस्टबाईंनी मशीनचा कागद बाजूला ठेवला, स्वतः काच रंगवली आणि मला मायक्रोस्कोपमधून दाखवली. द्राक्षाच्या घडासारखे जांभळे पुंजके. "तुझ्या प्लेटलेट कुठेही गेलेल्या नाहीत, ट्यूबमध्ये एकमेकींच्या गळ्यात पडल्यात." ईडीटीएमुळे होतं. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, सायट्रेटमध्ये परत घेतलं: २.३ लाख. तेव्हापासून पर्समध्ये त्यांची चिठ्ठी बाळगते. गट एबी, आता विचारालच म्हणून.

अर्धवट_पुणेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो.

१. परत तपासलं. दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा, वेगवेगळ्या लॅबमध्ये. १.५६ आणि १.४७. स्मिअरमध्ये पुंजके नाहीत (मीच_ती, मला वाटलं होतं असतील). प्लेटलेट थोड्या मोठ्या, बाकी सगळं नॉर्मल. बी-१२ सुद्धा ठीक.

२. अर्धी_बंगालींच्या सांगण्यावरून आईची फाइल काढली. माझ्या जन्माच्या वेळचा पिवळा पडलेला कागद सापडला: १.३९ लाख. मागच्या वर्षीचा: १.४४. आईचा गट ए. आमच्या घराण्यात बंगालचा संबंध नाही, आई बार्शीची. पण तिला विचारलं तर म्हणे, "मग काय झालं, दोन बाळंतपणं झाली की." डॉक्टर म्हणाले हा तुमचा आकडा, घरचा आहे. रिपोर्ट जपून ठेवा, म्हणजे उद्या ताप आला तर तुलनेला कामी येईल.

३. तांबडी_पिशवींच्या सल्ल्यानुसार रविवारी शिबिरात पूर्ण रक्त दिलं. पम्याला ओढत नेलं. डोळे मिटून, माझा हात धरून, पण दिलं त्यानं. कार्ड काल आलं. पम्या ओ पॉझिटिव्ह आहे. स्वतःचा गट त्याला आजवर माहीतच नव्हता! मग राहवेना म्हणून त्याची प्लेटलेटही करून घेतली. ३.१ लाख.

टवाळखोर
😂😂😂 धागा बंद करा. सिद्ध झालं.

आकडेमोड
काहीही सिद्ध झालेलं नाही. एक पम्या म्हणजे पुरावा नव्हे, कोणत्याच बाजूचा.

विकांत_भटक्या
३.१? पम्याचा नंबर व्यनि करा. ब्लड बँक त्याला सोडणार नाही.

अर्धवट_पुणेकर
सांगितलं त्याला. मशीनची सुई किती जाड असते, विचारतोय.

तांबडी_पिशवी
सोळा गेजची असते. पण त्याला सांगू नका.